सांगाड्याची साक्ष: दुर्मीळ युद्धविमानांच्या अवशेषांचे जतन म्हणजे काय?

पाण्याच्या तळाशी, बर्फाखाली किंवा घनदाट रानात सापडलेल्या जुन्या युद्धविमानाविषयी लोकांचा समज सहसा दोन टोकांना जातो. एका टोकाला ते भंगार असते आणि वितळवून येणाऱ्या धातूच्या भावापलीकडे त्याला मोल नसते. दुसऱ्या टोकाला तो खजिना असतो, आणि तो बाहेर काढून, घासूनपुसून, रंगवून, जमल्यास पुन्हा आकाशात उडवला म्हणजे त्याचे चीज झाले असे मानले जाते. हे दोन समज परस्परविरोधी वाटत असले तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: विमान ही केवळ वस्तू आहे, आणि वस्तूची किंमत तिच्या उपयोगावर किंवा देखणेपणावर ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की दुर्मीळ युद्धविमानाचे अवशेष हा प्रथमतः पुरावा असतो; म्हणून त्यांच्या शोधाचा गाभा ओळख पटवण्यात व नोंद करण्यात आहे, आणि जतनाचा गाभा त्यांतील साक्ष पुसली जाऊ न देण्यात आहे. ही कसोटी लावली तर जगभर गाजलेली काही पुनरुज्जीवने नवनिर्मितीच्या सदरात टाकावी लागतात, आणि चेपलेले, रंग उडालेले, कधीही न उडणारे एखादे धड जतनाचा अधिक खरा नमुना ठरते.

१. दुर्मीळता कशी निर्माण होते

एखादे विमान दुर्मीळ आहे म्हणजे ते थोडेच बनवले गेले असावे, असे सहज वाटते. पण दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या बाबतीत हे बहुतांशी खरे नाही. ब्रिटिश हवाई दलाचे चार इंजिनांचे हँडली पेज हॅलिफॅक्स हे बॉम्बफेकी विमान ६,०००हून अधिक संख्येने तयार झाले. शॉर्ट स्टर्लिंगची संख्या २,३००च्या वर होती, आणि आज त्यांपैकी एकही अखंड विमान जगात नाही. व्हिकर्स वेलिंग्टन ११,०००हून अधिक बनली. त्यांतील जेमतेम दोन बऱ्यापैकी पूर्ण अवस्थेत उरली. हॉकर टायफून ३,३००हून अधिक बनली आणि पूर्ण अवस्थेत एकच उरले, तेही चाचणीसाठी अमेरिकेला पाठवल्यामुळे लढाईबाहेर राहिले म्हणून.

युद्ध संपताच ही विमाने शेकड्यांनी मोडीत काढली गेली. जेट इंजिनांचा काळ सुरू झाला होता, ब्रिटनची तिजोरी रिकामी होती आणि अॅल्युमिनियमला मागणी होती. परिणाम असा झाला की युद्धातून सुखरूप परतलेली विमाने भट्टीत गेली आणि जी कोसळली, बुडाली किंवा रानात हरवली त्यांतलीच काही टिकली. यशस्वी कारकीर्द पुराव्याला मारक ठरावी आणि अपघात तारक ठरावा, ही या क्षेत्रातील मूलभूत वस्तुस्थिती आहे, आणि तिच्यामुळेच अवशेषांना इतके महत्त्व येते. जेथे संपूर्ण नमुना उपलब्ध असतो तेथे अवशेष हे पूरक साधन ठरतात. हॅलिफॅक्स किंवा स्टर्लिंगच्या बाबतीत ते मुख्य साधन आहेत.

अपघाताव्यतिरिक्त आणखी एका मार्गाने काही भाग वाचले, आणि तो मार्ग म्हणजे गरज. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर एका हॅलिफॅक्सच्या धडाचा तुकडा कित्येक वर्षे कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरात होता. इंग्लंडमधील यॉर्कशायर एअर म्युझियमने उभारलेल्या हॅलिफॅक्समध्ये आज तोच तुकडा आहे, आणि त्याला जोडलेले पंख हेस्टिंग्ज या युद्धोत्तर मालवाहू विमानाचे आहेत. शेतकऱ्याने तो तुकडा जपण्यासाठी ठेवला नव्हता. पण त्याने तो कापून टाकला नाही, एवढ्यामुळे इतिहासाचा एक दुवा शिल्लक राहिला.

२. अवशेषांतून काय वाचता येते

अवशेषांना पुरावा म्हणायचे तर त्यांतून नेमके काय सिद्ध होते, हे दाखवले पाहिजे. एका सांगाड्यात किमान चार थर असतात.

पहिला थर रचनेचा. वेलिंग्टनचा सांगाडा बार्न्स वॉलिस यांच्या जाळीदार बांधणीवर आधारलेला होता: हलक्या मिश्रधातूच्या वक्र पट्ट्या एकमेकींना तिरक्या छेदत जाऊन संपूर्ण धडाची टोपलीसारखी वीण तयार होत असे आणि तिच्यावर कापड ताणून बसवले जाई. गोळ्यांनी एका जागी भगदाड पडले तरी भार शेजारच्या पट्ट्यांवर वाटला जाई, त्यामुळे चाळणी झालेली विमानेही तळावर परतत. हे आकृत्यांमध्ये वाचता येते हे खरे, परंतु प्रत्येक छेदबिंदूवरचा जोड कारखान्यातील हातांनी कसा बसवला, हे प्रत्यक्ष जाळीच दाखवते. स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातून १९८५ मध्ये वर काढलेले एन २९८० क्रमांकाचे वेलिंग्टन आता ब्रुकलंड्स येथील संग्रहालयात आहे, आणि त्याची जाळी उघडी ठेवलेली असल्यामुळे बांधणीचा हा सारा व्यवहार डोळ्यांनी तपासता येतो.

दुसरा थर निर्मितीचा. विमानाच्या जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर क्रमांक ठोकलेला असतो आणि त्याच्याजवळ तपासनिसाचा शिक्का असतो. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीतील भागांचे क्रमांक ३०० या आकड्याने सुरू होतात, पाचव्या आवृत्तीसाठी खास आखलेल्या भागांचे ३४९ने आणि नवव्या आवृत्तीतील भागांचे ३६१ने. तळहाताएवढ्या चेपलेल्या पत्र्यावरून विमानाचा प्रकार, आवृत्ती आणि शिक्का शाबूत असल्यास कारखानाही ओळखता येतो तो यामुळे. मात्र सेवेतील विमानांचे भाग सतत बदलले जात, म्हणून एका भागाचा क्रमांक म्हणजे संपूर्ण विमानाची ओळख नव्हे, ही सावधगिरी प्रत्येक अभ्यासकाला बाळगावी लागते.

तिसरा थर वापराचा. एकावर एक चढलेले रंगाचे लेप, ठिगळे, घाईने मारलेले रिव्हेट, तळावरच्या कारागिरांनी अधिकृत आकृतीत नसलेली केलेली सोय, या सर्वांतून विमान प्रत्यक्ष कसे वापरले गेले ते कळते. चौथा थर शेवटच्या क्षणाचा. पंख्याची पाती कोणत्या दिशेने आणि किती वाकली आहेत यावरून आपटताना इंजिन शक्ती देत होते की बंद पडले होते याचा अंदाज बांधता येतो. कळा कोणत्या स्थितीत होत्या, चाके खाली होती की वर, आसनाचा पट्टा सोडलेला होता की नाही, यांवरून चालकाने अखेरच्या मिनिटांत काय ठरवले ते उमगते.

या चारही थरांचे एकत्र वाचन करता येईल अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांत डब्ल्यू १०४८ क्रमांकाच्या हॅलिफॅक्सला फार वरचे स्थान द्यावे लागेल. २७ एप्रिल १९४२च्या रात्री नॉर्वेतील ट्रोन्हाइमजवळ नांगरलेल्या 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना हे विमान पेटले आणि चालकाने ते होक्लिंगन सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर पोटावर उतरवले. माणसे वाचली, पायाला इजा झालेला एकजण युद्धकैदी झाला आणि इतरांनी पायी स्वीडन गाठले. बर्फ वितळल्यावर विमान तळाशी गेले आणि १९७३ मध्ये वर काढले गेले. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये ते आज बहुतांशी जसे सापडले तसे ठेवलेले आहे. जळालेला, फाटलेला, गंजलेला हा सांगाडा पाहून अनेकांचा विरस होतो. परंतु त्या पृष्ठभागावरची प्रत्येक खूण त्या रात्रीची किंवा पाण्याखाली गेलेल्या ३१ वर्षांची आहे, नंतरच्या कुणाच्या कल्पनेची नाही. संग्रहालयाने विमानाला नव्याने रंग देण्याचा मोह आवरला, आणि हा संयम आदरास पात्र आहे.

३. शोधाची सुरुवात दप्तरात होते

अवशेषांचा शोध म्हणजे धाडसी माणसांनी नकाशा घेऊन केलेली मोहीम, असे चित्र वर्तमानपत्रे रंगवतात. वास्तविक शोधाचा मोठा भाग कागदोपत्री होतो: तुकड्यांच्या दैनंदिन नोंदवह्या, हरवलेल्या विमानांचे अहवाल, शत्रुपक्षाच्या विमानविरोधी तोफखान्याचे दावे, दफनभूमींच्या नोंदी आणि स्थानिकांच्या आठवणी यांचा मेळ घातल्याशिवाय सोनार यंत्र पाण्यात सोडणे व्यर्थ असते.

या शिस्तीचे उल्लंघन झाले की काय होते, याचे ठळक उदाहरण ब्रह्मदेशातील आहे. महायुद्धाच्या अखेरीस रंगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर ब्रिटिशांनी अनेक नव्या कोऱ्या स्पिटफायर खोक्यांसह पुरून ठेवल्या, अशी कथा सांगोवांगी पसरली. २०१२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या म्यानमार भेटीत हा विषय निघाला आणि २०१३च्या आरंभी प्रत्यक्ष खोदकाम झाले. एकही विमान सापडले नाही. दफ्तरखान्यातील कागद बारकाईने तपासल्यावर असे विमान पुरल्याचा कोणताही आधार मिळाला नाही. खजिन्याच्या भाषेत ही निराशा ठरते. पुराव्याच्या भाषेत मात्र हा निष्कर्ष उपयुक्त आहे, कारण दप्तरातील कागद आणि खणलेली जमीन या दोहोंनी एकच उत्तर दिले.

याउलट नेदरलँड्समधील मार्करमेअर सरोवराचे उदाहरण शोध कसा करावा हे शिकवते. २००८ मध्ये एका नौकेच्या नांगराला विमानाचा एक भाग अडकून वर आला. त्यावरून हे बीके ७१० क्रमांकाचे स्टर्लिंग असावे असे आरंभी ठरवले गेले. पुढे तेथे सापडलेल्या सिगारेटच्या एका डबीवरील अद्याक्षरे त्या विमानाच्या चमूशी जुळेनात. ती जुळली बीके ७१६च्या चमूतील एकाशी. २०२० मध्ये हे विमान पद्धतशीरपणे वर काढण्यात आले. ही डबी पहिल्याच हौशी पाणबुड्याने खिशात घातली असती, तर ७ मृतांची ओळख चुकीची नोंदली गेली असती आणि दोन विमानांच्या चमूंच्या कुटुंबीयांना चुकीची उत्तरे मिळाली असती. वस्तू जेथे सापडली ती जागा आणि शेजारच्या वस्तूंशी असलेले तिचे नाते हाच पुराव्याचा प्राण असतो, हे पुरातत्त्वशास्त्राचे प्राथमिक तत्त्व विमानांच्या बाबतीत मात्र वारंवार विसरले जाते.

४. वर काढणे हाही आघात असतो

बुडालेले विमान वर काढले की वाचले, हा समज रसायनशास्त्राला मान्य नाही. विमानाचा पत्रा बहुधा ड्युराल्युमिनचा, म्हणजे तांबे मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा असतो, आणि त्याला लागून पोलाद व मॅग्नेशियमचे भाग असतात. खाऱ्या पाण्यात हे भिन्न धातू एकत्र आले की विजेच्या घटाप्रमाणे क्रिया सुरू होऊन त्यांतील एक धातू झिजत जातो. तरीही दशकांनंतर वाळूखाली एक प्रकारचा समतोल साधलेला असतो. विमान हवेत आले की तो मोडतो, धातूत मुरलेले क्षार प्राणवायूच्या सान्निध्यात झपाट्याने काम करू लागतात आणि पत्रा पापुद्रे सुटल्यासारखा उलत जातो. थंड, गोड्या, प्राणवायू कमी असलेल्या सरोवरात ही हानी पुष्कळ मंद असते. म्हणूनच लॉख नेसमधील वेलिंग्टनचे मागील दिवे अर्धशतकाच्या सुमारास नव्या बॅटरीला जोडताच लागले, तर समुद्रातील विमानांच्या वाट्याला असे भाग्य सहसा येत नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यात कोसळलेले जर्मन डॉर्निअर १७ हे बॉम्बफेकी विमान जून २०१३ मध्ये वर काढण्यात आले. या प्रकारचे ते एकमेव ज्ञात मोठे अवशेष असल्यामुळे वर काढण्याआधीच उपचार ठरवलेले होते: इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, सायट्रिक आम्ल घातलेल्या सौम्य द्रावणाचा फवारा कॉसफर्ड येथे मांडवाखाली ठेवलेल्या भागांवर महिनोन्महिने चालू ठेवला गेला, जेणेकरून क्षार धुतले जावेत आणि धातू खाल्ला जाऊ नये. नव्या चकाकीचा आग्रह येथे नव्हता. ऱ्हास थांबवणे हेच उद्दिष्ट होते. ट्रोन्हाइमच्या फियॉर्डमधून १९९९ मध्ये फोक-वुल्फ २०० कॉन्डॉर वर काढताना त्याचे तुकडे झाले, हे लक्षात घेतले म्हणजे वर काढण्याचा निर्णय किती जबाबदारीचा असतो ते उमगते. जेथे उपचाराची जागा, पैसा आणि पुढील दहा वर्षांची माणसे निश्चित नाहीत, तेथे अवशेष मोजून, छायाचित्रे घेऊन, अचूक स्थान नोंदवून जागीच ठेवणे हा निर्णय भित्रेपणाचा नसतो.

५. पुनर्बांधणी म्हणजे भूतकाळाची निवड

प्रतिपादनाचा सर्वांत वादग्रस्त भाग येथे येतो. उडण्यायोग्य पुनर्बांधणीत थकलेला किंवा गंजलेला धातू सुरक्षेच्या कारणाने बदलावाच लागतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील वाळूतून निघालेल्या पी ९३७४ आणि एन ३२०० या स्पिटफायर आज उडतात. परंतु त्यांच्या रचनेचा फार मोठा भाग नव्याने घडवलेला आहे. मूळ क्रमांकपट्टी, थोडे जुने भाग आणि कागदोपत्री सलगता यांच्या बळावर विमानाची ओळख पुढे चालू राहते. ही कारागिरी उच्च दर्जाची आहे आणि तिची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिला जतन म्हटल्याने वाळूतून निघालेला मूळ पत्रा उपेक्षित ठरतो, आणि बहुतेक वेळा त्याची नोंदही नीट होत नाही.

एनए ३३७ हे दुसरे हॅलिफॅक्स नॉर्वेतील म्योसा सरोवराच्या २०० मीटरहून अधिक खोलीतून १९९५ मध्ये काढले गेले आणि कॅनडातील ट्रेंटन येथे १० वर्षांच्या श्रमानंतर पूर्ण अवस्थेत उभे राहिले. डब्ल्यू १०४८ आणि एनए ३३७ यांना समोरासमोर ठेवले म्हणजे प्रश्न स्पष्ट होतो. ट्रेंटनचे हॅलिफॅक्स हे विमान कारखान्यातून बाहेर पडताना कसे दिसत असे ते सांगते. लंडनचे हॅलिफॅक्स त्या एका विमानाचे काय झाले ते सांगते. दोन्ही उत्तरांना किंमत आहे, परंतु पहिले उत्तर आकृत्यांवरून पुन्हा मिळवता येते आणि दुसरे एकदा पुसले की कायमचे जाते. कमी सुरक्षित असलेल्या उत्तराला प्राधान्य देणे हे तर्काला धरून आहे.

रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. इजिप्तच्या वाळवंटात २०१२ मध्ये सापडलेले कर्टिस किटीहॉक जून १९४२ पासून जसे उतरले तसेच पडून होते. उन्हाने फिकट झालेला त्याचा पृष्ठभाग हाच त्याचा इतिहास होता. पुढे एल अलामेन येथील संग्रहालयात ते नव्या रंगात रंगवले गेले, आणि जो पृष्ठभाग ७० वर्षे वाळवंटाने राखला तो माणसाच्या हातून गेला. याच्या तुलनेत बेल्जियमच्या दलदलीतून १९९७ मध्ये निघालेल्या एलडब्ल्यू ६८२ या हॅलिफॅक्सची गोष्ट वेगळी आहे. त्यातील तिघा मृतांवर सन्मानाने अंत्यसंस्कार झाले, काही भाग ट्रेंटनच्या हॅलिफॅक्ससाठी वापरले गेले आणि काही अॅल्युमिनियम वितळवून लंडनमधील २०१२च्या बॉम्बर कमांड स्मारकाच्या छतात वापरले गेले. वितळवणे हे जतन नव्हे, हे उघडच आहे. तरीही त्यात नव्याला जुने म्हणून दाखवण्याचा खोटेपणा नाही, त्यामुळे ती कृती स्वच्छ वाटते.

६. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की न उडणारे विमान मृत असते. मर्लिन इंजिनाचा आवाज ऐकून एखाद्या मुलाच्या मनात जे जागते ते काचेमागच्या गंजलेल्या पत्र्याने जागणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. ग्रीनलंडच्या बर्फात ८० मीटरहून अधिक खोल गाडले गेलेले 'ग्लेशिअर गर्ल' हे लायटनिंग विमान १९९२ मध्ये काढून २००२ मध्ये उडवले गेले, आणि त्या मोहिमेने अभियांत्रिकीचे नवे ज्ञानही दिले. परंतु त्याच ग्रीनलंडमध्ये १९४७ पासून जवळजवळ अखंड पडून असलेले 'की बर्ड' हे बी-२९ विमान १९९५ मध्ये जागेवरच दुरुस्त करून उडवण्याच्या प्रयत्नात जळून गेले. जेथे एकाच प्रकारची अनेक विमाने आहेत तेथे काही उडवावीत, याला प्रस्तुत प्रतिपादनाचा विरोध नाही. एकमेव नमुना पणाला लावण्याला आहे.

दुसरा आक्षेप: पैसा खाजगी संग्राहकांकडून येतो आणि त्यांना उडणारे विमान हवे असते, तेव्हा शुद्ध तत्त्वाने अवशेष वाचणार नाहीत. यावर उत्तर असे की नोंद करण्याचा खर्च पुनर्बांधणीच्या मानाने अल्प असतो. बांधणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र, मोजमाप व क्रमांक टिपणे आणि बदललेले जुने भाग फेकून न देता संग्रहालयाला देणे, या दोन अटी खाजगी पैशालाही परवडतात.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: ही विमाने म्हणजे मृत्यूची साधने, त्यांचे जतन हे युद्धाचे उदात्तीकरण. हा आक्षेप चकचकीत विमानाला अधिक लागू पडतो. फाटलेले धड पाहणाऱ्याला युद्ध देखणे वाटत नाही. याच्याशी जोडलेला प्रश्न मृतांचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ब्रिटनमध्ये १९८६च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याने सेवेत असताना कोसळलेले प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित होते, आणि जेथे मानवी अवशेष असण्याची शक्यता असते तेथे उत्खननाचा परवाना सहसा दिला जात नाही. नेदरलँड्सने उलट मार्ग पत्करला: जेथे बेपत्ता वैमानिकांचे अवशेष असण्याची शक्यता आहे अशी ३० ते ५० विमाने सरकारी खर्चाने काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी दोहोंत निर्णय सार्वजनिक आहे, तो सापडणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही.

७. भारताच्या संदर्भात

भारतीय वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण जगात उरलेल्या लिबरेटर विमानांपैकी बरीचशी भारतामुळे उरली. महायुद्धानंतर कानपूरजवळच्या चकेरी तळावर ब्रिटिशांनी निकामी करून टाकलेल्या बी-२४ लिबरेटरमधून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ४०च्या आसपास विमाने उभी केली. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती कामचलाऊ दुरुस्तीनंतर एकेक करून बंगळूरला उडवत नेली. १९५१ मध्ये सागरी टेहळणीसाठी पुण्यात पुन्हा उभारलेल्या सहाव्या स्क्वाड्रनने हीच विमाने वापरली, आणि १९६८ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत भारतीय हवाई दल हे लिबरेटर वापरणारे जगातील शेवटचे दल होते. भंगारातून जतन घडवणारा हा पराक्रम कानपूर, बंगळूर आणि पुणे येथे झाला.

त्यानंतर काय झाले हे वाचण्यासारखे आहे. एक लिबरेटर दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयात राहिले. एक कॅनडाला गेले आणि त्याच्या बदल्यात लायसँडर विमान मिळाले, जे आज पालम येथे आहे. एक अमेरिकेतील अॅरिझोनामध्ये, एक १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये गेले. भारतात बेवारस पडलेले आणखी एक १९८०च्या दशकात परदेशी संग्राहकाने नेले आणि ते अमेरिकेत पुन्हा उडू लागले, पुढे तर 'विचक्राफ्ट' या प्रसिद्ध अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या नावाने आणि रंगात. ज्या विमानाची दीर्घ सेवा भारतीय चक्राखाली झाली, त्याच्या अंगावर त्या सेवेची खूण उरली नाही. पुनर्बांधणी भूतकाळाची निवड करते हे विधान याहून स्पष्ट कोठे दिसणार?

कायद्याची बाजू याहून कच्ची आहे. १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम साधारणपणे १०० वर्षे जुन्या वस्तूंना पुरावस्तू मानतो. १९४२ साली अरुणाचलच्या डोंगरात कोसळलेले विमान त्यामुळे २०४२ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने सामान्य धातू राहते. चीनला रसद पोहोचवणाऱ्या 'हंप' या हवाई मार्गावर १९४२ ते १९४५ दरम्यान सुमारे ६०० विमाने गमावली गेली; त्यांतील काहींचे अवशेष अजून जंगलात आहेत आणि ठिकठिकाणी गावकऱ्यांनी त्यांच्या पत्र्याच्या सुऱ्या व भांडी केली आहेत. या गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण विमान कोठे आहे हे ज्ञान त्यांनीच टिकवले, आणि घरातल्या त्या सुऱ्यांचीही नोंद व्हायला हवी. २०२३ मध्ये पासीघाट येथे उघडलेल्या हंप संग्रहालयाने ही सुरुवात केली आहे. महायुद्धकालीन लष्करी अवशेषांसाठी १०० वर्षांची अट शिथिल करणारी तरतूद ही पुढची आवश्यक पायरी आहे.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर उतरणारे विमान आहे. अशी सुमारे २५च विमाने बनली, त्यांतील १० भारतीय नौदलाने घेतली आणि १९५३ मध्ये याच विमानांनी नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ झाला; जगात आता मोजकीच उरली आहेत. खाऱ्या वाऱ्यात अॅल्युमिनियमचे काय होते हे वर आलेच आहे. छताखालची कोरडी जागा, वर्षातून एकदा धातूची तपासणी आणि तिची लेखी नोंद, एवढी तजवीज अशा नमुन्यासाठी अवाजवी मानता येणार नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. आज ते इतक्या चौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत उभे आहे की त्याला दुर्मीळ म्हणणे चमत्कारिक वाटेल; १९४५ मध्ये हॅलिफॅक्सविषयीही तसेच वाटले असते. या विमानांचे सांगाडे नाशिकजवळच्या ओझर येथे १९६०च्या दशकापासून बनले. चौकातील प्रत्येक विमानाचा क्रमांक, त्याच्या रंगाखालचे शिक्के, ओझरच्या दुरुस्तीवह्या आणि तेथे काम केलेल्या कारागिरांची तोंडी माहिती एकत्र करण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळून आजच सुरू करता येईल. त्या कारखान्यात पहिल्या काही वर्षांत लागलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.